साइडिंगच्या रुळांची देखभाल कोणत्या सॉफ्टवेअरवर टाकावी? खानदेशातून एक तुलना

भुसावळ विभागातल्या पी-वे (रुळांची देखभाल पाहणाऱ्या) इंजिनिअरला कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं हा प्रश्न पडत नाही. रेल्वेची ट्रॅक मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे टीएमएस, त्याच्या टेबलावर आहे आणि तपासणीच्या नोंदी त्याला तिथेच भरायच्या असतात. प्रश्न पडतो तो रेल्वेच्या फाटकाबाहेर ज्यांचे स्वतःचे रूळ आहेत त्यांना. दीपनगरसारख्या औष्णिक केंद्राची कोळशाची साइडिंग (मुख्य लाइनीवरून फुटून आत जाणारी स्वतःची लाइन), एखाद्या कारखान्याची दोन-तीन किलोमीटरची लाइन, गतिशक्ती कार्गो टर्मिनल काढायच्या विचारात असलेला उद्योजक, आणि या सगळ्यांचे रूळ सांभाळायचं कंत्राट घेणारा जळगाव-भुसावळचा ठेकेदार. गतिशक्ती टर्मिनलचं धोरण डिसेंबर २०२१ मध्ये आलं. मनमाड–इंदूर मार्गाच्या बोरविहीर–नरडाणा भागाचं काम धुळे जिल्ह्यात हाती घेतलेलं आहे. असे खासगी रूळ खानदेशात पुढे वाढतील असंच मला वाटतं, आणि ही तुलना त्यांच्या मालकांसाठी आणि ठेकेदारांसाठी लिहिली आहे.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. विक्रेता डेमो देताना रंगीत आलेख आणि नकाशे दाखवतो. ते बघावेत, पण निर्णय दोन गोष्टींवर घ्यावा: दोष नेमका कुठे आहे हे सॉफ्टवेअर कसं लक्षात ठेवतं, आणि तो दुरुस्त होईपर्यंत त्याचा पिच्छा कसा पुरवतं. या दोन्हींत जे कच्चं आहे ते कितीही महाग असलं तरी रुळांच्या कामाचं नाही.

जागेचा प्रश्न

पंप, मोटर, ट्रान्सफॉर्मर यांना एक जागा असते. त्यावर नंबर टाकला की काम झालं. रूळ मात्र लांबीत पसरलेला असतो. त्याच रुळावर किलोमीटर १/२०० ते १/६५० पर्यंत (एक किलोमीटर २०० मीटर ते एक किलोमीटर ६५० मीटर) वळण आहे, १/४०० पर्यंत जुने स्लीपर आहेत, १/३१२ ला थर्मिट वेल्ड (वितळलेला धातू ओतून केलेला जोड) आहे, आणि १/३०० ते १/३५० या पट्ट्यात गिट्टीत कोळशाची भुकटी साचली आहे. या चारही गोष्टी एकमेकींवर पडतात. वेल्डमध्ये दोष का वाढतोय हे कळायला त्या एका जागी काय-काय आहे ते एकत्र दिसावं लागतं. सर्वसाधारण देखभाल सॉफ्टवेअर इथेच अडकतं, कारण त्याच्या दृष्टीने प्रत्येक वस्तू म्हणजे नंबर लावलेला एक डबा असतो.

'जीपीएस आहे ना' असं उत्तर विक्रेता देईल. मोबाईलचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे दाखवतं. यार्डात शेजारशेजारच्या दोन लाइनींच्या मध्यांतलं अंतरही चार-पाच मीटरचंच असतं. म्हणजे दोष दोन नंबर लाइनवर आहे की तीन नंबरवर, हे नुसत्या जीपीएसवरून ठामपणे सांगता येत नाही. डावा रूळ की उजवा हे तर त्याहून लांब. मेट (गँगचा मुकादम) आणि कीमन (रोज लाइन चालत तपासणारा) जागा सांगतात ती किलोमीटर, खांबाचा नंबर, लाइन आणि रुळाची बाजू यांनी. सॉफ्टवेअरनेही जागा तशीच विचारली पाहिजे. जीपीएस सोबत जोडलेलं असावं, ताळा पाहण्यापुरतं.

साइडिंगला आणखी एक घोळ असतो. शून्य किलोमीटर कुठून मोजायचा? रेल्वेची साखळी, म्हणजे किलोमीटरची मोजणी, मुंबईहून येते, जळगाव तिथून सुमारे ४२० किलोमीटरवर आहे. साइडिंगची साखळी मुख्य लाइनीपासून जिथे फाटा फुटतो तिथल्या पॉइंटपासून धरली तर सोयीचं पडतं, पण रेल्वेचे अधिकारी तपासणीला आले की ते कधी आपल्या किलोमीटरमध्ये शेरा लिहितात. दोन्ही साखळ्या ठेवता येणं आणि एकीवरून दुसरीवर जाता येणं ही गोष्ट विकत घेण्याआधी करून दाखवायला सांगावी. खानदेशात हे जास्त लागतं, कारण इथे दोन रेल्वे आहेत: मनमाडहून चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ हा मध्य रेल्वेचा मार्ग आणि उधन्याहून नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर असा येणारा पश्चिम रेल्वेचा. एकाच ठेकेदाराकडे दोन्ही बाजूंच्या साइडिंग असू शकतात.

आधी रजिस्टर आणि एक्सेल

याला कमी लेखू नये. एकच लाइन, दोन पॉइंट, एक अनुभवी मेट आणि रोज फेरी मारणारा कीमन एवढीच व्यवस्था असेल तर नीट भरलेलं रजिस्टर आणि एक्सेलची एक फाइल पुरते. एक्सेल हिशेबात तर फार चांगलं आहे. वळणाचा वर्साइन, म्हणजे वळणावर ताणलेल्या दोरीपासून रुळापर्यंतचं अंतर, घ्या. २० मीटरच्या दोरीवर मधोमध मोजलेला वर्साइन मिलिमीटरमध्ये ५०,००० भागिले त्रिज्या इतका यावा. ८७५ मीटर त्रिज्येचं, म्हणजे दोन अंशांचं वळण असेल तर ५७ मिमी. ब्रॉडगेजवरचं सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचं, १७५ मीटर त्रिज्येचं. तिथे २८६ मिमी. साइडिंगवर वळणं तीव्रच असतात, आणि दर दहा मीटरवर घेतलेल्या मापांतला चढउतार एक्सेलच्या आलेखात चटकन दिसतो.

एक्सेल कमी पडतं ते पाठपुराव्यात. मागच्या महिन्यात 'लायनर सुटलेला' (लायनर म्हणजे क्लिप आणि रुळाच्या पायामधला तुकडा) असं लिहिलं होतं, या महिन्यात त्या ओळीसमोर काही नाही. बसवला की नाही? फाइलच्या तीन प्रती तीन लॅपटॉपवर आहेत, कोणती खरी? कोणी कधी काय बदललं याचा मागमूस राहत नाही. आणि ठेकेदार बदलला की नोंदी त्याच्या लॅपटॉपबरोबर जातात, हे साइडिंगवर नवं नाही.

टीएमएस: विकत मिळत नाही, पण अभ्यासावी

क्रिस ही रेल्वे मंत्रालयाची संस्था १९८६ साली स्थापन झाली. तिकीट आरक्षणापासून मालवाहतुकीपर्यंत रेल्वेची बहुतेक मोठी सॉफ्टवेअर तिनेच बांधली. टीएमएसही तिचीच. रुळांची मालमत्ता, अधिकाऱ्यांच्या तपासण्या, अल्ट्रासॉनिक चाचणी, वेगमर्यादा असा सगळा पसारा त्यात एकत्र येतो. ती भारतीय रेल्वेच्या नियमांभोवती बांधलेली आहे, आणि हीच तिची ताकद. साइडिंगच्या मालकाला मात्र ती बाजारातून घेता येत नाही.

तरीही तिच्याकडे पाठ फिरवू नका. तुमच्या साइडिंगच्या तपासणीला येणारा रेल्वेचा माणूस त्याच भाषेत विचार करतो. गेज (दोन रुळांमधलं अंतर), क्रॉस लेव्हल (दोन रुळांच्या उंचीतला फरक), ट्विस्ट (तो फरक पुढे किती बदलतो), अलाइनमेंट (रुळाचा सरळपणा), अनइव्हननेस (उंचसखलपणा) ही मापं, त्यांची नावं आणि क्रम, दोषांचे वर्ग हे सगळं तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये २०२० च्या सुधारित पी-वे मॅन्युअलप्रमाणे ठेवलं तर प्रत्येक तपासणीच्या वेळी नव्याने अनुवाद करत बसावं लागणार नाही. बारीक वाटणारी पण महत्त्वाची गोष्ट सांगतो. ब्रॉडगेज १६७६ मिमीचा म्हणून ओळखला जातो, पण पीएससी (काँक्रीटचे) स्लीपर १६७३ मिमीसाठी ओतलेले असतात. '+३' असं कीमनने लिहिलं तर ते कशापासून तीन? सॉफ्टवेअरमध्ये हा पाया लाइनीगणिक ठरवता आला पाहिजे आणि नोंदीच्या शेजारी दिसला पाहिजे.

मोठी उद्योग-सॉफ्टवेअर: मॅक्सिमो आणि एसएपी

आयबीएमचं मॅक्सिमो आणि एसएपीचं प्लांट मेंटेनन्स ही दोन्ही कारखान्यांतली जुनी, भक्कम नावं. दोघांतही लांबीत पसरलेल्या मालमत्तेची सोय आहे: अमुक मीटरपासून तमुक मीटरपर्यंत असं काम नोंदता येतं, त्याला मजुरी, साहित्य, खर्च जोडता येतो. कामाचा आदेश निघाला की तो बंद होईपर्यंत अंगावर बसतो. दोषाच्या पाठपुराव्यात यांच्याइतकं शिस्तीचं दुसरं काही मला माहीत नाही.

अडचण आकाराची. रुळांची भाषा त्यांना येत नाही, ती शिकवावी लागते. वर्साइन, टंग रेलचा (पॉइंटच्या सरकत्या रुळाचा) ओपनिंग, चेक रेलचा (चाकाला मार्गावर धरणाऱ्या जादा रुळाचा) क्लिअरन्स हे सगळं सल्लागार लावून बसवून घ्यावं लागतं, आणि सल्लागार बहुधा पंप-टर्बाइनच्या जगातून आलेला असतो. चार किलोमीटरच्या लाइनीसाठी नव्याने हे घेणं शहाणपणाचं नाही. पण वीज केंद्रात किंवा मोठ्या कारखान्यात यापैकी एक आधीपासून चालू असेल, तर रूळ वेगळ्या सॉफ्टवेअरवर टाकू नका. त्यातच लाइनीला लांबीची मालमत्ता म्हणून बसवा. कोळसा हाताळणी विभागाचा कन्व्हेयर आणि साइडिंगचा रूळ एकाच नियोजनात आले की शटडाउनच्या दिवशीच रुळाचा ब्लॉक (कामासाठी लाइन बंद ठेवायची वेळ) मिळतो. नाहीतर रेक उभा आणि गँग हातावर हात धरून, हे चित्र ठरलेलं.

खास रेल्वेसाठी बांधलेली परदेशी उत्पादनं

बेंटलीचं, पूर्वी ऑपट्रॅम नावाने ओळखलं जाणारं लिनिअर अॅनालिटिक्स हे या जातीचं उदाहरण. ट्रॅक रेकॉर्डिंग कारच्या (चालता चालता रुळांची मापं घेणाऱ्या गाडीच्या) एकामागून एक फेऱ्यांची मापं एकाच रुळावर एकमेकांखाली लावून बिघाड किती वेगाने वाढतोय ते दाखवणं, आणि टॅम्पिंग मशीन (स्लीपरखालची गिट्टी दाबणारं यंत्र) कुठे आधी न्यायची ते त्यावरून ठरवणं, हे त्याचं काम. हजारो किलोमीटरच्या जाळ्यासाठी हे फार मोलाचं आहे.

साइडिंगवर रेकॉर्डिंग कार नियमित येत नाही. मापं गेज-कम-लेव्हल या हातातल्या पट्टीने आणि दोरीनेच घेतली जातात. एवढ्या विरळ मापांवर ते विश्लेषण चालवून हाती फारसं लागत नाही. शिवाय अमेरिकेत बांधलेल्या बऱ्याच उत्पादनांच्या मुळाशी तिथले सुरक्षा नियम असतात: १४३५ मिमीचा गेज, वेगानुसार रुळांचे वर्ग, ६२ फुटांच्या दोरीवरचं माप. आपली २० मीटरची दोरी आणि १६७६ चा गेज त्यात बसवता येतो का, हा पहिल्याच भेटीत विचारायचा प्रश्न आहे. 'सेटिंगमध्ये बदलता येतं' या उत्तरावर थांबू नका, बदलून दाखवायला सांगा. या गटावर मी इथेच थांबतो, कारण आपल्या वाचकांपैकी फार थोड्यांना त्याची गरज पडेल.

मुक्तस्रोत (कोड सगळ्यांना खुला असलेली) साधनं जोडून केलेली व्यवस्था

मी सर्वांत जास्त वेळ इथे घालवणार आहे, कारण दोन ते पंधरा किलोमीटरच्या साइडिंगला आणि लहान ठेकेदाराला माझ्या मते हीच वाट खरी परवडते.

यात तीन थर असतात. पहिला थर मोबाईलवरचा फॉर्म: ओडीके किंवा त्याच्याच पायावर उभं असलेलं कोबोटूलबॉक्स. दोन्ही अँड्रॉइडवर चालतात, नेटवर्क नसताना नोंद फोनमध्ये साठवतात आणि रेंज आली की पाठवतात. फॉर्म एक्सेलच्या तक्त्यात लिहायचा असतो, त्यामुळे तो बदलायला प्रोग्रामर लागत नाही. गेजचं माप ठरलेल्या मर्यादेबाहेर टाकलं तर तिथल्या तिथे अडवणारी अट घालता येते. आणि एकच फॉर्म मराठी आणि हिंदी दोन्हीत देता येतो. हे मला महत्त्वाचं वाटतं. भुसावळच्या गँगमध्ये यावलचा, बोदवडचा, बिहारचा आणि उत्तर प्रदेशचा माणूस शेजारी शेजारी फावडं मारत असतो. अहिराणी बोलणाऱ्या मेटला इंग्रजी ड्रॉपडाउनमधून 'लूज' आणि 'मिसिंग' यांतला फरक शोधायला लावला तर तो सरळ पहिला पर्याय दाबेल. 'क्लिप ढिली' आणि 'क्लिप नाही' असं लिहिलं तर चूक होत नाही. सोबत फोटोची जागा द्या आणि बोलून नोंदवायचीही सोय ठेवा. "साहेब, सांधा बसेल शे, खालनी गिट्टी काई दाबायेल नई," एवढं बोलणं पुष्कळदा रकान्यातल्या आकड्याहून जास्त सांगून जातं.

दुसरा थर नकाशा आणि साखळी. क्यूजीआयएसमध्ये लाइनींची रेघ काढायची आणि मागे पोस्टजीआयएस हा डेटाबेस ठेवायचा. त्यात रेषेवर एखादा बिंदू किती अंतरावर येतो ते काढणारी फंक्शनं तयार आहेत. म्हणजे किलोमीटर दिला तर नकाशावर जागा आणि जागा दिली तर किलोमीटर. वर सांगितलेला दोन साखळ्यांचा घोळ इथे एकदा सोडवला की सुटतो. नकाशा थेट मोबाईलवर न्यायचा असेल तर क्यूफिल्ड आहे.

तिसरा थर पाठपुराव्याचा, आणि या मार्गाचा कच्चा दुवा हाच. फॉर्मची साधनं स्वभावानेच दर वेळी नवी नोंद घेतात. जानेवारीतला सुटलेला बोल्ट आणि फेब्रुवारीतला सुटलेला बोल्ट हा एकच आहे की दोन, हे त्यांना आपोआप कळत नाही. ओडीकेमध्ये आता एंटिटीची सोय आहे, तिच्यामुळे जुना दोष यादीतून निवडून त्याचीच पुढची नोंद करता येते. दुसरा उपाय ईआरपीनेक्स्ट. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. त्यात मालमत्तेच्या देखभालीचं वेळापत्रक, कामाची नोंद, भांडार आणि बिलं एका ठिकाणी येतात. ठेकेदाराला तर याचा दुहेरी उपयोग, कारण ईआरसी क्लिप (रूळ स्लीपरला धरून ठेवणारी), लायनर, रबर पॅड, फिशप्लेट (सांध्याला बोल्टने लावायची पट्टी) यांचा साठा आणि मजुरांची हजेरी त्यालाच ठेवायची असते. लांबीची मालमत्ता ईआरपीनेक्स्टला मुळात येत नाही. 'पासून' आणि 'पर्यंत' असे दोन रकाने घालून ती बसवावी लागते.

हे सगळं जोडायला एक माणूस लागतो, हे स्पष्ट सांगायला हवं. परवाना फुकट असला तरी सर्व्हर, बॅकअप आणि त्या माणसाचा पगार फुकट नाही. जळगाव, धुळे, भुसावळ इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींना हे काम जमण्यासारखं आहे. पण एकाच मुलावर सगळं सोपवू नका. त्याने काय-काय जोडलंय ते लिहून घ्या, नाहीतर तो पुण्याला गेला की व्यवस्था बंद.

आता शेजारी शेजारी ठेवून पाहू:

| | जागेची नोंद | नेटवर्क नसताना | दोषाचा पाठपुरावा | कोणाला योग्य |
|---|---|---|---|---|
| रजिस्टर व एक्सेल | लिहिणाऱ्याच्या शिस्तीवर | चालतं | कच्चा | एकच लाइन, जुनी माणसं |
| मॅक्सिमो, एसएपी | लांबीची सोय आहे, बसवून घ्यावी लागते | मोबाईल भाग वेगळा तपासून घ्यावा | उत्तम | जिथे आधीच चालू आहे तिथे |
| परदेशी रेल्वे-सॉफ्टवेअर | उत्तम | उत्पादनागणिक वेगळं | चांगला | मोठी जाळी |
| मुक्तस्रोत जोडणी | चांगली, एकदा बांधावी लागते | उत्तम | वेगळा बांधावा लागतो | लहान-मध्यम साइडिंग, ठेकेदार |

खानदेशचा उन्हाळा

तुलना इथे संपली असती, पण एप्रिल-मे महिना कोणत्याही विक्रेत्याच्या माहितीपत्रकात नसतो. जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो. रुळाचं तापमान हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी चढं असू शकतं. वेल्ड करून एकसंध केलेला लांब जोडरूळ असेल, म्हणजे एलडब्ल्यूआर, तर त्याच्या मधल्या भागाला वाढायला जागा नसते. ताण आतच साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या एका रुळात दर अंशाला सुमारे १.९ टन. डिस्ट्रेसिंगच्या (रुळातला ताण काढून तो पक्का करतानाच्या) तापमानाहून २० अंश वर गेलं की एका रुळात ३८ टन, दोन्ही मिळून ७६ टनांचा दाब. गिट्टीचा खांदा (रुळाबाहेरची कडेची गिट्टी) कमी असेल तिथे लाइन एका क्षणात बाजूला फेकली जाते. त्याच २० अंशांच्या मर्यादेपलीकडे उष्ण हवामानातली गस्त सुरू करायची असते.

म्हणून सॉफ्टवेअरने प्रत्येक एलडब्ल्यूआर पट्ट्याचं डिस्ट्रेसिंगचं तापमान आणि तारीख जपली पाहिजे, आणि रुळाचं आजचं तापमान टाकलं की गस्त लागते की नाही ते सांगितलं पाहिजे. त्याहून पुढे, त्या दिवशी त्या पट्ट्यात गिट्टी उपसायचं किंवा रूळ उचलायचं काम नोंदवलेलं असेल तर ते अडवलं पाहिजे. मला माहीत असलेल्या कोणत्याही तयार सर्वसाधारण देखभाल सॉफ्टवेअरमध्ये ही अट आपोआप येत नाही. मॅक्सिमोत ती लिहून घ्यावी लागेल, ईआरपीनेक्स्टमध्येही. ती लिहून घ्यायचा खर्च हा चैनीचा खर्च समजू नका.

बऱ्याच साइडिंग मात्र अजून फिशप्लेटच्या सांध्यांच्या आहेत. तिथे १३ मीटरचा मोकळा रूळ ३० अंशांच्या फरकाने साडेचार मिलिमीटर वाढतो, आणि सांध्यातली फट तेवढी जागा देते. सांध्यांना तेल-ग्रीस नसेल तर फट गोठते आणि रूळ लांब जोडरुळासारखा वागू लागतो, तेही त्याच्यासारखी गिट्टी नसताना. सांध्यांचं ग्रीसिंग ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकायचं, उन्हाळ्याआधी फटी मोजायच्या, पावसाळ्याआधी गटारं उपसायची. काळ्या मातीच्या भरावावर गटार तुंबलं की पावसात चिखल गिट्टीतून वर येतो आणि लेव्हल टिकत नाही. दर ९० दिवसांनी काम काढणारं वेळापत्रक इथे निरुपयोगी आहे. काम ऋतूला बांधता येतं का, हे विचारा.

उन्हाचा दुसरा मार फोनवर बसतो. कित्येक फोनच्या उत्पादकांनीच वापरासाठी ३५ अंशांची मर्यादा सांगितलेली असते. दुपारी बारानंतर स्क्रीन अंधुक होतो, फोन तापून बंद पडतो. ज्या ॲपला सतत नकाशा आणि जीपीएस चालू ठेवावं लागतं ते मे महिन्यात रुळावर टिकणार नाही. साधा फॉर्म टिकतो.

आणि याहूनही गंभीर: रुळावर उभं राहून फोनमध्ये डोकं घालणं हा जिवाशी खेळ आहे. साइडिंगवर शंटिंगचे डबे आवाज न करता ढकलत येतात. माप घ्यायचं, सेसवर (गिट्टीच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर) बाजूला यायचं, मग नोंद करायची, हा नियमच करा. त्यासाठी नोंद दोन-तीन टॅपमध्ये संपली पाहिजे, किंवा मापं आधी हातवहीत लिहून सावलीत भरता आली पाहिजेत. डेमोच्या वेळी एका सुटलेल्या क्लिपसाठी किती वेळा स्क्रीनला हात लावावा लागतो ते मोजा. जास्त लागत असेल तर बाकी कितीही चांगलं असलं तरी ते नको म्हणायची हिंमत ठेवा.

डेमोत काय करून घ्यावं

विक्रेत्याला त्याचा नमुना डेटा वापरू देऊ नका. तुमच्या रजिस्टरमधला एक खरा दोष द्या: समजा, अल्ट्रासॉनिक चाचणीत एका रुळाला आयएमआर (तात्काळ काढायचा) हा वर्ग मिळाला आहे. या वर्गात वेगमर्यादा तात्काळ लागते आणि रूळ बदलायला मोजके दिवस मिळतात. आता बघा: नोंद झाल्या क्षणी कोणाला कळतं? सुट्टी असेल तर दुसऱ्या कोणाकडे जातं? वेगमर्यादेची नोंद त्याच दोषाला जोडलेली दिसते का? मुदत टळली तर वर कळतं का? दोष शोधणारा आणि तो 'बंद' करणारा एकच माणूस असू शकतो का? असू शकत असेल तर ते बंद करायला लावा. बंद करताना फोटो आणि नवं माप सक्तीचं हवं. शेवटी, बंद झालेली नोंद कोणी बदलली तर जुनी किंमत टिकते का ते पाहा. अपघातानंतर चौकशीत हीच ओळ बघितली जाते, आणि खोटी ठरली तर भोगतो तो सर्वांत खालचा माणूस.

मग ओबीएस (निरीक्षणात ठेवायच्या) वर्गाचा दोष द्या आणि जॉगल्ड (दोषाच्या जागी बाहेर वाकवलेली) फिशप्लेट लावल्यानंतर तो 'निरीक्षणाखाली' म्हणून जिवंत राहतो का पाहा. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये काम झालं की दोष मिटतो. रुळांच्या बाबतीत प्लेट लावली तरी दोष आत असतोच, रूळ बदलेपर्यंत.

माझी निवड

ज्या प्रकल्पात एसएपी किंवा मॅक्सिमो आधीच आहे त्यांनी तेच वाढवावं आणि मोबाईलवर ओडीकेचा साधा फॉर्म जोडता येतो का ते पाहावं. नवं टर्मिनल बांधणाऱ्यांनी रूळ पडत असतानाच वेल्डचे नंबर, रुळांचे हीट नंबर (पोलादाच्या ओतणीचे नंबर), स्लीपर बनल्याची वर्षं आणि डिस्ट्रेसिंगच्या नोंदी पोस्टजीआयएसमध्ये घालायला सुरुवात करावी. लाइन चालू झाल्यावर टेप घेऊन हे परत गोळा करणं सॉफ्टवेअर घेण्याहून जास्त कष्टाचं आणि खर्चाचं असतं. जुन्या छोट्या साइडिंगने कोबो किंवा ओडीकेवर फक्त कीमनची फेरी आणि पॉइंट-क्रॉसिंगची तपासणी एवढ्या दोनच गोष्टींनी सुरू करावं, रजिस्टर चालूच ठेवावं, आणि एक पूर्ण उन्हाळा-पावसाळा गेल्यावरच पुढचं ठरवावं.

ठेकेदाराने ईआरपीनेक्स्टचा मार्ग धरावा असं मी म्हणेन. मालकाने मात्र कंत्राटात दोन अटी घालाव्यात: सगळ्या नोंदी मालकाच्या सर्व्हरवर किंवा मालकाच्या नावाच्या खात्यात राहतील, आणि दर महिन्याला त्यांची पूर्ण प्रत, फोटोंसह, एक्सेलमध्ये उघडता येईल अशा स्वरूपात मिळेल. बिल मंजूर करण्याआधी ती प्रत उघडून त्यातले कोणतेही पाच बंद दोष निवडावेत आणि ठेकेदाराच्या मेटला घेऊन त्या पाच जागी चालत जाऊन पाहावं.